वाचक विचारतात: संस्थेच्या पाठीशी कोण असतं?

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की सहकारी संस्था बुडाली की लोक चेअरमनला शिव्या देतात आणि विषय संपतो, पण त्या संस्थेला शिकवणारी, पैसा पुरवणारी, दप्तर तपासणारी जी दुसरी संस्था पाठीशी असायला हवी होती ती कुठं होती हे कुणी विचारतच नाही. त्यावर खूप पत्रं आणि मेसेज आले. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही म्हणून पाच निवडलीत, बाकीच्यांनी रागावू नका. एक आधीच सांगतो, मी वकील नाही. तीसेक वर्षं सोसायट्या, दूध संस्था आणि पतसंस्थांचं ऑडिट केलं, कीर्द-खतावणी आणि प्रोसिडिंग बुकं वाचण्यात आयुष्य गेलं, त्यातून जे कळलं तेच इथं लिहितोय.

आटपाडी तालुक्यातून एक ताई लिहितात: आमचा बारा बायकांचा बचत गट आहे, आठ वर्षं झाली. शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीच्या खारोड्या करतो, माल सांगली-पुण्याला जातो. एक साहेब म्हणतात सहकारी संस्था काढा, दुसरे म्हणतात उत्पादक कंपनी काढा. आम्हाला दोन्हीतलं काही कळत नाही आणि आमच्यातल्या चौघींना सहीपुरतंच लिहिता येतं. काय करू?

ताई, शेवटचं वाक्य तुम्ही जरा ओशाळून लिहिलंय असं वाटलं म्हणून आधी त्याचंच बोलतो. तुमच्या शेजारच्याच माण तालुक्यात, म्हसवडला, चेतना गाला सिन्हा आणि तिथल्या बायकांनी महिला सहकारी बँक काढायची ठरवली तेव्हा पहिल्यांदा रिझर्व्ह बँकेनं परवानगी नाकारली, कारण प्रवर्तकांमध्ये अंगठा लावणाऱ्या बायका होत्या. त्या बायका घरी बसल्या नाहीत. लिहा-वाचायला शिकल्या, परत गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या की व्याजाचा हिशेब घाला, आम्ही तोंडी करून दाखवतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. आठ वर्षं तुम्ही दर महिन्याला पैसे गोळा करताय, वाटताय, परत घेताय, म्हणजे संस्था चालवायचं निम्मं शिक्षण तुमचं झालेलंच आहे.

आता फरक. सहकारी संस्था राज्याच्या १९६० च्या कायद्याखाली होते, वेगवेगळ्या कुटुंबातले किमान दहा जण लागतात, नोंदणी तालुक्याच्या सहाय्यक निबंधकाकडे, ज्याला आपण एआर ऑफिस म्हणतो. शेअर कितीही घ्या, मत एकच. उत्पादक कंपनीची सोय २००२ च्या दुरुस्तीनं कंपनी कायद्यात आली, तिथंही दहा उत्पादक चालतात आणि तिथंही साधारण माणशी एकच मत, पण नोंदणी कंपनी निबंधकाकडे आणि सगळे फॉर्म ऑनलाइन, सीए लागतोच. वार्षिक फॉर्म भरायला उशीर झाला की दिवसाला शंभर रुपये, तेही प्रत्येक फॉर्मला, हे मीटर चालू राहतं. मी अशा कंपन्या बघितल्यात ज्यांची वर्षाची उलाढाल कमी आणि दंड जास्त, कारण कुणीतरी अनुदानासाठी घाईघाईत कंपनी काढून दिली आणि नंतर फिरकलंच नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक मेख आहे जी त्या दुसऱ्या साहेबांनी सांगितलेली दिसत नाही. उत्पादक कंपनीत सभासद प्राथमिक उत्पादक असावा लागतो, म्हणजे शेतीमाल पिकवणारा किंवा हातमाग, हस्तकला, कुटीरोद्योग असलं काम करणारा. तुमच्यापैकी किती जणींच्या घरचा शेंगदाणा चटणीत जातो आणि किती बाजारातून विकत येतो? सगळा विकतचा असेल तर या व्याख्येत बसता का ते आधी विचारून घ्या, नसाल तर प्रक्रिया सहकारी संस्था बघा.

पण ताई, सहकारी का कंपनी यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की नोंदणी झाल्यावर दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या वर्षी तुमच्याकडे येऊन दप्तर कसं लिहायचं ते कोण दाखवणार? तुमचा गट माविमचा, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाचा, असेल तर त्यांचं लोकसंचालित साधन केंद्र असतं, उमेदचा, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा, असेल तर प्रभागसंघ, तिथं जाऊन विचारा की तुम्ही आजवर कुठल्या गटाची संस्था करून दिली आणि ती आज कशी चालली आहे. त्या संस्थेत स्वतः जा, दोन तास बसा, त्यांच्या सचिवाला चहा पाजा आणि सगळं विचारा. त्यांना अशा एकाही संस्थेचं नाव सांगता आलं नाही तर घाई करू नका. गट म्हणून आणखी एक वर्ष काढलं तर काही बिघडत नाही. आणि त्या वर्षात त्या चौघींना रोज अर्धा तास बसवा, कीर्द वाचता येण्याइतकं तरी.

कोपरगावहून एक विद्यार्थी: सर, मी एफवायला आहे, प्रोजेक्टसाठी "महाराष्ट्रात सहकार का वाढला" हा विषय घेतलाय. सगळीकडे एकच उत्तर मिळतं की थोर नेते होते. एवढंच कारण आहे का?

नाही रे बाळा, आणि तुला ही शंका आली याचा मला खूप आनंद झाला. नेते होतेच, पण नेत्यांच्या मागं काय होतं ते बघ.

सुरुवात कर १८७५ पासून. मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकरी सावकारांवर धावून गेले, कर्जाचे कागद, कर्जखतं, चोपड्या जाळल्या, आणि ते लोण नगर जिल्ह्यापर्यंत पसरलं. सरकारनं १८७९ ला शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला, पण कायद्यानं सावकाराचा हात जरा आखडला तरी शेतकऱ्याला बी-बियाण्याला पैसा देणार कोण? ते उत्तर १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यात आलं. जर्मनीत रायफायझननं खेड्यातल्या लोकांच्या ज्या पतपेढ्या उभ्या केल्या होत्या त्याच धर्तीवर. आता लक्ष दे, हा पहिला कायदा फक्त गावातल्या छोट्या पतपेढीपुरता होता. दहा-वीस गरीब माणसं एकत्र आली तरी त्यांच्याकडे पैसा येणार कुठून, सगळेच कर्ज मागणारे! ही अडचण आठ वर्षांत लक्षात आली आणि १९१२ च्या कायद्यानं पतपुरवठ्याच्या पलीकडच्या संस्था आणि संस्थांच्या संस्था, म्हणजे संघ, काढायची वाट मोकळी केली. माझ्या मते तुझ्या प्रोजेक्टचं खरं वळण हे आहे, इथं दोन पानं खर्च कर.

आपल्याकडे तर त्याच्याही आधी, १९११ ला विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांनी मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक काढली, गावच्या संस्थांना पैसा पुरवायला. आजची राज्य सहकारी बँक ती हीच. त्या बँकेत वैकुंठभाई मेहता यांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं घालवली. आणि १९१८ मध्ये सहकाराचं शिक्षण आणि प्रचार करायला वेगळी संस्था निघाली, जिचा आज राज्य सहकारी संघ झालाय. म्हणजे बघ, सहकारी साखर कारखान्याचं नावही नव्हतं तेव्हा पैसा देणारी आणि शिकवणारी अशा दोन संस्था उभ्या होत्या.

मग प्रवरा, म्हणजे लोणीचा सहकारी साखर कारखाना. तू कोपरगावचा, तुला लोणी सांगायला नको. त्या काळी कालव्याच्या पट्ट्यात खासगी कारखाने होते, शेतकऱ्यांच्या जमिनी खंडानं घेऊन ऊस लावायचे आणि शेतकरी आपल्याच रानात मजूर. विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरून शेअर्स गोळा करत होते. त्यांच्यासोबत धनंजयराव गाडगीळ, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संस्थापक संचालक. एवढा मोठा अर्थशास्त्रज्ञ लोणीसारख्या ठिकाणी येऊन शेतकऱ्यांच्या कारखान्याचा चेअरमन होतो आणि तिथंच पाय रोवून बसतो, ही गोष्ट मला आजही अंगावर काटा आणते. मुंबई सरकारात तेव्हा अर्थमंत्री कोण, तर तेच वैकुंठभाई, जे आधी सहकारी बँक चालवत होते. १९५०-५१ ला पहिला गळीत हंगाम झाला. आता तूच सांग, विखे पाटलांची जिद्द होती हे शंभर टक्के खरं, पण अर्थशास्त्र जाणणारा माणूस, चाळीस वर्षं मुरलेली बँक आणि सहकार कळणारा मंत्री हे तिन्ही नसते तर गोळा केलेल्या शेअर्सचं काय झालं असतं?

शेवटचा मुद्दा आणि तो प्रोजेक्टमध्ये टाळू नकोस. १९५१-५२ मध्ये देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी झाली, गोरवाला समितीची, गाडगीळ तिचे सदस्य होते. त्यात दिसलं की खेड्यातल्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के. पन्नास वर्षं झाली आणि तीन टक्के! १९५४ च्या अहवालात त्यांनी स्वच्छ लिहिलं की सहकार अयशस्वी झाला आहे पण तो यशस्वी व्हायलाच हवा, आणि उपाय म्हणून सरकारनं संस्थांमध्ये भागीदार व्हावं असं सुचवलं. सरकारी भागभांडवल आलं, थकहमी आली, त्यातून कारखाने, सूतगिरण्या, संघ भराभर उभे राहिले. पण पैशाच्या मागून सरकारी माणूसही आत आला. आधार देणारा हात आणि मान धरणारा हात एकच झाला की काय होतं ते आपण पुढं बघितलंच. गाडगीळांना हे दिसत नव्हतं असं मला वाटत नाही, त्यांच्यासमोर सावकार होता आणि दुसरा इलाज नव्हता. यावर तुझं स्वतःचं मत लिही, गाइडला पटो न पटो.

डोंबिवलीहून एक वाचक: लिज्जत पापड ही सहकारी संस्था आहे ना? आमच्या ग्रुपवर वाद चाललाय.

सहकार कायद्याखाली नोंदलेली नाही. ती सोसायटी आणि सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे. १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, आणि आजही काम करणारी प्रत्येक बहीण मालक आहे. त्यामुळे ग्रुपवर दोघंही बरोबर, एक कागदानं आणि एक वृत्तीनं. पण एक सांगतो, १९६६ मध्ये खादी ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली त्यानं त्यांना मोठं बळ आलं, म्हणजे तिथंही पाठीशी कुणीतरी होतंच.

बिल्बाओ, स्पेनहून एक पुणेकर वाचक: दोन वर्षांपासून इथं आहे. इथून तासाभरावर मोंद्रागोन आहे, कामगारांच्या मालकीच्या कंपन्यांचं गाव. बघून आले आणि वाटलं, आपल्याकडे एवढी मोठी सहकारी परंपरा असून असं का नाही?

तुम्ही प्रत्यक्ष बघून आलात, हेवा वाटला. मी फक्त वाचलंय पण भरपूर वाचलंय, कारण नोकरीत असताना हाच प्रश्न मला छळायचा.

मोंद्रागोनबद्दल लोक सांगतात की १९५६ ला पाच तरुणांनी स्टोव्ह बनवायचा कारखाना काढला, उल्गोर, त्यांच्याच आडनावांच्या अक्षरांवरून नाव. मला मात्र त्याच्या आधीची आणि नंतरची गोष्ट जास्त मोलाची वाटते. आधीची म्हणजे आरिझमेंदियारिएता नावाच्या धर्मगुरूनं १९४३ ला तिथं तांत्रिक शाळा काढली होती, ते पाचही जण तिथले विद्यार्थी. तेरा वर्षं नुसतं शिकवणं! नंतरची म्हणजे कारखाना निघाल्यावर तीनच वर्षांत, १९५९ ला, त्यांनी स्वतःची बँक काढली, काखा लाबोराल. त्या बँकेत एक विभाग असा होता की जो नवीन संस्था काढू बघणाऱ्यांसोबत बसायचा, धंदा चालेल का ते तपासायचा, माणसं तयार करायचा आणि संस्था अडचणीत आली तर आत जाऊन मदत करायचा. सभासदांच्या पेन्शन-आजारपणासाठी वेगळी संस्था, संशोधनासाठी १९७४ पासून वेगळी संस्था. २०१३ ला त्यांच्यातली फागोर ही घरगुती उपकरणांची मोठी संस्था बुडाली. बुडाली हे खरंच, पण तिथल्या बऱ्याच कामगार-सभासदांना गटातल्या दुसऱ्या संस्थांनी सामावून घेतलं. एक घर पडलं तर शेजारच्यांनी माणसं वाटून घेतली असं म्हणा ना.

इटलीत तर १९९२ च्या कायद्यानं प्रत्येक सहकारी संस्थेनं नफ्यातले तीन टक्के नव्या संस्थांच्या उभारणीसाठीच्या निधीत द्यायचे असतात. म्हणजे जुनी संस्था नवीला हात देते.

आपल्याकडे असं काही नाही असं नाही हं. संस्थांनी शिक्षण निधी भरायचा अशी तरतूद आपल्या कायद्यात कधीपासून आहे, सभासदांच्या प्रशिक्षणाचं कलम २४-अ आहे, पुण्यात १९६७ पासून वैकुंठभाई मेहतांच्या नावाची सहकार प्रशिक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे, साखर संघ, दूध महासंघ, पणन महासंघ, पतसंस्थांचं फेडरेशन सगळं आहे. मी ऑडिटला जायचो तेव्हा शिक्षण निधी भरल्याची पावती प्रत्येक फायलीत असायची. पण त्या निधीतून आमच्या गावात कुणी येऊन सभासदांना ताळेबंद वाचायला शिकवला असं सांगणारा सभासद मला तीस वर्षांत बोटावर मोजण्याइतका भेटला. प्रशिक्षण व्हायचं, नाही असं नाही, पण संचालकांचं आणि सचिवांचं. सभासदाला कुणी विचारलंच नाही. आणि दुसरं म्हणजे आपले बरेचसे संघ वरून खाली आले, सरकारला वाटलं जिल्ह्याला एक हवा, राज्याला एक हवा, म्हणून झाले. गावच्या संस्थेला गरज वाटली म्हणून तिनं संघ बांधला, असं झालं तिथं चित्र वेगळं दिसतं. गुजरातेत अमूलच्या आणंदला बघा, १९४६ ला गावोगावच्या दूध उत्पादकांना मुंबईच्या बाजारात आपलं दूध आपणच विकायचं होतं म्हणून त्रिभुवनदास पटेलांच्या मागं संघ उभा राहिला. त्या संघानंच पुढं गुरांचा डॉक्टर, रेतन आणि पशुखाद्य गावात पोचवलं. गावातली बाई ज्या संघाला "आमचा" म्हणते तो टिकतो.

तुम्ही परत येणार असाल तेव्हा तिथल्या शाळेबद्दल जितकं जमेल तितकं टिपून आणा, मला वाचायचंय.

नाशिक जिल्ह्यातून एक वाचक: वडिलांनी रिटायरमेंटचे सात लाख एका पतसंस्थेत ठेवले होते. वर्षभर "पुढच्या महिन्यात या" चाललंय. पाच लाखांचा विमा असतो तो तरी मिळेल ना?

नाही मिळणार, आणि हे लिहिताना मला खरंच वाईट वाटतंय. ठेव विमा बँकांना असतो. सहकारी बँका त्यात येतात, फेब्रुवारी २०२० पासून एक लाखाचे पाच लाख झाले आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आले तर ९० दिवसांत ती रक्कम मिळते. पतसंस्था बँक नाही. बोर्डावर केवढंही मोठं नाव असो, काउंटर काचेचं असो, पासबुक छापील असो. माझ्या स्वतःच्या घरातले पैसे एका संस्थेत अडकले होते, मी ऑडिटर असून, कारण ओळखीचे लोक होते आणि मी ताळेबंद न मागता ठेव ठेवली. त्यामुळे वडिलांना बोलू नका, ते आधीच पोळलेत.

आता काय करायचं ते. सगळ्यात आधी पावतीवर बघा, संस्था राज्याच्या कायद्याखालची आहे की मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणारी आणि केंद्राच्या कायद्याखालची. मल्टिस्टेट असेल तर तुमच्या जिल्हा उपनिबंधकाच्या हातात फारसं काही नसतं, तिचा निबंधक दिल्लीत. पण २०२३ च्या दुरुस्तीनं सहकार लोकपालाची सोय झालीय, ठेवीची तक्रार तिथं करता येते. राज्यातली असेल तर उपनिबंधकाकडे लेखी अर्ज द्या, ठेव पावतीची झेरॉक्स लावा आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. एकट्यानं जाऊ नका, वीस-पंचवीस ठेवीदार एकत्र व्हा, मग कलम ८३ ची चौकशी मागा. दोष निघाला तर ८८ खाली संचालकांवर जबाबदारी निश्चित होते. त्याहून तातडीचं म्हणजे संस्थेनं मोठ्या थकबाकीदारांवर कलम १०१ खालचे वसुलीचे दाखले घेतलेत का आणि घेतले असतील तर वसुली कुठं अडलीय हे विचारा, कारण तुमचे पैसे तिथंच आहेत, तिजोरीत नाहीत. पैशाचा अपहार दिसत असेल तर पोलिसांकडे १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा, एमपीआयडी, आहे, पतसंस्थांच्या प्रकरणात तो वापरला गेलाय, वकिलाशी बोला.

वडील सभासद आहेत का तेही तपासा, ठेवीदारांना बहुतेक वेळा नाममात्र का होईना सभासद करून घेतलेलं असतं. पूर्ण सभासदाला कलम ३२ खाली शेवटचा ऑडिट झालेला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सर्वसाधारण सभांचं इतिवृत्त आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी बघता येतात, फी भरून नक्कल मागितली तर महिन्याभरात द्यावी लागते. सभा ३० सप्टेंबरच्या आत होते. त्या सभेत पुढच्या वर्षाचा ऑडिटर सरकारी नामतालिकेतून सभासदच नेमतात, हा ठराव वाचला जातो तेव्हा अर्धी सभा चहाला उठलेली असते, मी कितीदा तरी बघितलंय. यंदा उठू नका. अर्ज लिहिताना अडलं तर मजकूर मला पाठवा, मी वाचून परत पाठवतो.